हायटस हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: हायटस हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे फसवणूक, निम्म्या लोकांचा हर्निया परत येतो, अॅसिडिटीच्या गोळ्या सुटत नाहीत, आत बसवलेली जाळी अन्ननलिका कापते, जन्मभर ढेकर येत नाही आणि पातळच खावं लागतं. त्यापेक्षा सकाळी उपाशीपोटी दोन ग्लास कोमट पाणी प्या, टाचांवर दहा उड्या मारा, जठर आपोआप खाली सरकतं. हर्निया कितीही मोठा असो, चाकू लावू देऊ नका. आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

मी याच पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस करतो. ऑपरेशन मी करत नाही, त्यामुळे कुणी केलं काय आणि न केलं काय, माझा त्यात पैशाचा संबंध नाही. पण हा मेसेज दाखवून ‘डॉक्टर, मग नकोच ना?’ असं विचारणाऱ्यांत दोन्ही प्रकारची माणसं असतात. ज्यांना ऑपरेशनची मुळीच गरज नाही ती, आणि ज्यांनी ते टाळलं तर जीवावर बेतू शकतं ती. मेसेज दोघांना एकच उत्तर देतो. त्यातला एक आकडा खरा आहे, म्हणून तो जास्तच पटतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे हर्निया म्हटलं की जांघेतला किंवा बेंबीचा हर्निया डोळ्यापुढे येतो आणि लगेच पट्टा आठवतो. हायटस हर्निया बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. त्यातल्या एका फटीतून अन्ननलिका खाली येऊन जठराला मिळते. ही फट सैल झाली की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जणांत तो नुसता वरखाली घसरणारा प्रकार असतो. जठर आणि अन्ननलिका यांचा सांधा वर जातो, तिथली झडप ढिली पडते, आम्ल वर येतं. उरलेल्यांत जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या शेजारून छातीत चढतो, कधी अख्खं जठर, कधी त्याच्याबरोबर आतडंही. हे दोन आजार नाव एक असूनही वागायला फार वेगळे आहेत. आणि पट्टा? पोट आवळणारा पट्टा यात उलट घात करतो, कारण पोटातला दाब वाढला की जठर आणखी वर ढकललं जातं. पट्टा बांधून महिनोन्‌महिने छातीतली आग सोसणारी माणसं मी पाहिली आहेत.

‘निम्म्या लोकांचा हर्निया परत येतो’

हाच तो खरा आकडा. अमेरिकेत मोठ्या, शेजारून चढणाऱ्या हर्नियाच्या १०८ रुग्णांवर दुर्बिणीने ऑपरेशन करून त्यांचा पाठपुरावा केला गेला. साधारण निम्म्यांना नुसते टाके, निम्म्यांना टाक्यांवर जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली जाळी. २००६ साली सहा महिन्यांचे निकाल आले तेव्हा जाळीवाल्यांत हर्निया परत येण्याचं प्रमाण ९ टक्के आणि नुसत्या टाक्यांत २४ टक्के होतं. २०११ साली, म्हणजे सरासरी पाचेक वर्षांनी जे रुग्ण तपासणीला आले त्यांच्यात ते ५४ आणि ५९ टक्के निघालं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इथूनच ‘निम्मे’ उचलले.

पण त्याच अभ्यासातला पुढचा भाग त्याने सोडला. इथे ‘परत आला’ याचा अर्थ बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवर जठराचा दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त भाग फटीच्या वर दिसला, एवढाच. त्याच रुग्णांना त्रास विचारला तेव्हा छातीतली जळजळ, गिळताना अडकणं, जेवल्यावरचं दुखणं ऑपरेशनपूर्वीपेक्षा खूपच कमी झालेलं होतं, आणि ज्यांच्या फोटोत हर्निया परत दिसत होता त्यांच्यातही सुधारणा टिकून होती. पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले मोजकेच होते. सात-आठ सेंटीमीटर वर गेलेलं जठर खाली आणून बांधलं आणि पाच वर्षांनी त्यातलं दोन-अडीच सेंटीमीटर परत घसरलं, तर फोटो ‘फेल’ म्हणतो. आडवं झोपता येऊ लागलेला, जेवण जिरू लागलेला माणूस तसं म्हणत नाही. ऑपरेशन माणसाच्या त्रासासाठी केलेलं असतं, तेव्हा हिशेबही त्रासाचाच धरायला हवा.

घसरतं तरी का? कारण ही जागाच अवघड आहे. आपण दिवसाकाठी वीसेक हजार वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला श्वासपटल हलतं. वर छातीत ओढ, खाली पोटात दाब. त्या हलत्या, कधी पातळ झालेल्या स्नायूला टाके घालायचे असतात. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, सुटलेलं पोट, पोत्यांची उचल. ऊसतोडीचा किंवा मार्केट यार्डातल्या हमालीचा माणूस पंधरा दिवसांत कामावर गेला तर टाक्यांवर काय ताण येईल, ते सांगायला सर्जन लागत नाही. म्हणून ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे जड उचलू नये असं सांगतात, आणि घरच्यांनी तेवढे दिवस ते काम दुसऱ्याकडे द्यावं. आपल्याकडे अर्धी कुटुंबं रोजंदारीवर चालतात, त्यामुळे हा सल्ला सोपा नाही हे मला ठाऊक आहे. ऑपरेशनचा महिना ठरवताना सुगीचा विचार करा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

नेहमीच्या, घसरणाऱ्या प्रकारात आणि आम्ल वर येण्यासाठी केलेल्या ऑपरेशनांत चित्र बरंच बरं आहे. स्वीडनमध्ये २००५ ते २०१४ या काळात दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या २,६५५ जणांचा पाठपुरावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के लोकांचा रिफ्लक्स, म्हणजे आम्ल वर येण्याचा त्रास, परत आला. त्या परत आलेल्यांतही बहुतेकांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या. दुसरं ऑपरेशन लागलं ते त्यांच्यातल्या सुमारे १३ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांना पाच वर्षांत त्रास परतला नाही. ही फसवणूक नव्हे. हा शंभर टक्के इलाजही नव्हे, आणि तसं सांगणाऱ्या डॉक्टरवरही विश्वास ठेवू नका.

‘ऑपरेशन केलं तरी गोळ्या सुटत नाहीत’

काहींच्या सुटत नाहीत. ब्रिटनमधल्या एका चाचणीत पाच वर्षांनी ऑपरेशनच्या गटातले ४४ टक्के लोक आम्लाची औषधं घेत होते, औषधांच्या गटात ८२ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक गोळीमुक्त झाले. नीट झालेल्या ऑपरेशनचा हा रोकडा फायदा आहे. पण ज्याला सकाळच्या एका पँटोप्राझोलवर (आम्ल कमी करणाऱ्या गोळीवर) वर्षानुवर्षं काहीच त्रास नाही, त्याने फक्त गोळी चुकवण्यासाठी भूल घ्यावी का? मी त्याला घाई करू नको म्हणतो. युरोपातल्या ११ देशांत झालेल्या आणि २०११ साली आलेल्या चाचणीत, गोळीने आधीच बरं वाटणाऱ्या रुग्णांत पाच वर्षांनी गोळीवाले ९२ टक्के आणि ऑपरेशनवाले ८५ टक्के आराम टिकवून होते. दोन्ही चांगले. औषधानेच भागत असेल तर औषध हा पराभव नाही.

मात्र त्याच चाचणीतला एक आकडा आपल्या भागासाठी मला फार मोलाचा वाटतो. आंबट पाणी तोंडात येण्याचा त्रास पाच वर्षांनी गोळीच्या गटात १३ टक्क्यांना होता, ऑपरेशनच्या गटात २ टक्क्यांना. गोळी आम्ल कमी करते, पण झडप घट्ट करत नाही. पोटातलं वर यायचं ते येतच राहतं, फक्त कमी आंबट. खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाया सांगतात, ‘जळजळ गेली, खरं वाकलं की सगळं घशात येतं.’ रात्री झोपेत घशात येऊन ठसका लागणारे, त्यामुळे खोकला आणि आवाज बसणारे लोकही असेच. गोळीचा डोस वाढवत राहण्यापेक्षा अशांनी एकदा सर्जनचं मत घ्यावं. बिनरिपोर्टाच्या, मेडिकलमधून आपापल्या घेतलेल्या गोळ्या दहा वर्षं चालू असलेल्या घरांची संख्या आपल्याकडे कमी नाही. इतकी वर्षं घेतल्यावर बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, ते तपासून घ्यावं.

‘जाळी अन्ननलिका कापते’

घट्ट, कृत्रिम जाळी अन्ननलिकेला लागून बसवली तर ती तिच्या भिंतीत रुतू शकते. असे रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत आणि त्यांची दुरुस्ती अवघड असते. म्हणूनच जांघेच्या हर्नियात जशी सर्रास जाळी वापरतात तशी इथे वापरत नाहीत. बहुतेक घसरत्या हर्नियांत नुसते टाकेच पुरतात. जाळी लावायचीच झाली तर ती कोणती आणि का, हे ऑपरेशनआधी विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

‘जन्मभर ढेकर नाही, उलटी नाही, पातळच खायचं’

इथे ऑपरेशन कसं होतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. पोटाला चार-पाच बारीक भोकं पाडतात, कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, कॅमेऱ्याने बघत जठर छातीतून खाली ओढतात, सैल फट टाक्यांनी आवळतात. मग जठराचा वरचा, घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात, म्हणजे नवी झडप तयार होते. ही गुंडाळणी रुडॉल्फ निसेन या सर्जननी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे १९५५ साली केली, तेव्हा पोट उघडून. १९९१ पासून ती दुर्बिणीने होऊ लागली. आतलं काम तेच राहिलं, वाट बदलली. पोटावरचा वीतभर छेद गेला, तसे जखम पिकणं, छेदाच्या जागी नवा हर्निया होणं, खोल श्वास घेता न आल्याने न्यूमोनिया होणं हे सगळं कमी झालं. रुग्ण साधारण दोन-तीन दिवसांत घरी जातो. खांदा दुखतो म्हणून घाबरून फोन करतात. तो गॅसमुळे श्वासपटल चेपल्याचा परिणाम असतो आणि काही दिवसांत जातो.

नवी झडप घट्ट असल्यामुळे सुरुवातीला ढेकर येत नाही, पोट फुगल्यासारखं वाटतं, वारा जास्त सरतो. मेसेजमधला हा भाग हवेतून आलेला नाही. त्याच युरोपीय चाचणीत पाच वर्षांनीही पोट फुगणं ऑपरेशनवाल्यांत ४० टक्के होतं आणि गोळीवाल्यांत २८, गिळताना अडकणं ११ आणि ५ टक्के. फरक आहे, तो लपवू नये. पण गोळीवाल्यांतही २८ टक्क्यांचं पोट फुगतच होतं, हेही त्याच रांगेत लिहायला हवं. शिवाय आता सगळ्यांना पूर्ण गुंडाळणी घालत नाहीत. मागून पाऊण वळण किंवा पुढून अर्धं वळण घालण्याच्या पद्धती आहेत, त्यांत अडकणं आणि फुगणं कमी होतं. ज्याच्या अन्ननलिकेची ढकलण्याची ताकद मुळातच कमी आहे, त्याला अर्धवट गुंडाळणीच बरी पडते.

राहिलं खाणं. पहिले काही दिवस पातळ, मग काही आठवडे मऊ. पेज, आंबील, वरण-मऊ भात, कुस्करलेली केळी. सुकी भाकरी, पाव, मटणाचा तुकडा हे तेव्हा अडकतं, कारण टाक्यांची सूज उतरलेली नसते. सोडा आणि कोल्ड्रिंक त्या काळात बंद. घाईघाईने जेवायची सवय कायमची सोडावी लागते. पण दीड-दोन महिन्यांनी बहुतेक लोक घरातल्या ताटात जेवतात, म्हाईच्या दिवशी मटण-भाकरीही खातात. त्यानंतरही घास अडकतच असेल तर गप्प बसू नये. एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून, ती जागा फुग्याने रुंद करता येते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

‘कोमट पाणी आणि टाचांवर उड्या’

कल्पना अशी की पाण्याच्या वजनाने जड झालेलं जठर धक्क्याने खाली उतरतं. घसरता हर्निया तसाही दिवसभर आपसूक वरखाली होत असतो. उभं राहिलं की खाली, आडवं झालं की वर. उडी मारल्यावर तो क्षणभर खाली आला तरी सैल झालेली फट आणि जठर धरून ठेवणारे ताणलेले धागे तसेच असतात, झोपल्यावर तो पुन्हा वर. उड्या मारून फट आवळली गेल्याचं कुठल्याही धड चाचणीत दिसलेलं नाही. मग लोकांना बरं का वाटतं? हा उपाय सुरू करणारा माणूस त्याच वेळी रात्रीचं जेवण लवकर करतो, चहा कमी करतो, तिखट हात राखून खातो. फायदा त्याचा असतो.

आणि तो फायदा खरा आहे, म्हणून उड्यांऐवजी तोच नीट घ्या. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच. नुसत्या उश्या रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोप. पोटाचा घेर उतरवणं, याच्याइतका उपयोगी घरगुती उपाय दुसरा नाही. तंबाखू बंद. निपाणी भागात हे सांगताना मला संकोच होतो, कारण तिथली किती घरं तंबाखू-विडीवर उभी आहेत हे मी जाणतो. तरी सांगायलाच हवं, विडी-सिगारेटने अन्ननलिकेची झडप ढिली होते. संकेश्वरी मिरचीचा ठेचा सगळ्यांनाच सोडावा लागत नाही. ज्याने त्याने आपल्याला काय बाधतं ते पाहावं. ज्यांचे गुडघे झिजलेत, हाडं ठिसूळ झालीत, अशा साठीच्या बाईने टाचांवर आदळून घेतलं तर मणका दबण्याची भीती वेगळीच.

‘कितीही मोठा असो, ऑपरेशन नको’

माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे.

आधी हे मान्य करतो की मोठा, शेजारून चढणारा हर्निया दिसला की लगेच कापा, असं आता कुणी शहाणा सर्जन म्हणत नाही. २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका विश्लेषणात असं निघालं की ज्यांना त्रास नाही किंवा किरकोळ आहे, त्यांना तातडीचं ऑपरेशन लागण्याची शक्यता वर्षाला सुमारे १.१ टक्के असते, आणि अशांतल्या बहुतेकांनी लक्ष ठेवून थांबणंच हिताचं. ऐंशी वर्षांच्या, दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन केलेल्या आजोबांच्या रिपोर्टात तो शब्द दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

पण त्रास असेल तर गोष्ट बदलते. चार घास खाल्ले की छाती भरून येते, दम लागतो, जेवल्यावर छातीच्या मध्यभागी दाटून दुखतं, वजन उतरतंय. किंवा काहीच नाही, फक्त हिमोग्लोबिन वारंवार घसरतंय. आपल्याकडे बाईमाणसाचं रक्त कमी झालं की लोहाच्या गोळ्या, सलाईनमधून लोह, पुन्हा गोळ्या असं चक्र वर्षानुवर्षं चालतं. मोठ्या हर्नियात फटीच्या कडेवर जठराचं अस्तर घासून तिथे लांबट व्रण पडतात, त्यांतून नकळत रक्त झिरपतं. पाळी गेलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं रक्त कारणाशिवाय कमी होत असेल तर एंडोस्कोपी झालीच पाहिजे. अशा कित्येकांचं हिमोग्लोबिन हर्निया दुरुस्त केल्यावर भरून येतं. त्यांना ‘चाकू लावू देऊ नका’ म्हणणं म्हणजे त्यांचं झिरपणं चालू ठेवणं.

आणि सगळ्यात वाईट प्रसंग. छातीत चढलेलं जठर स्वतःभोवती पिळतं. अचानक छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जोराचं दुखतं, उलटीची उबळ येते पण बाहेर काहीच पडत नाही, थुंकीही गिळता येत नाही. रक्तपुरवठा तुटला तर जठर काळं पडून फुटतं. हे घरी थांबायचं दुखणं नाही, रात्र असो की अमावास्या. ठरवून केलेल्या ऑपरेशनात मृत्यूचा धोका कमी असतो, तातडीच्या ऑपरेशनात तो कित्येक पटींनी वाढतो. अशा माणसाला कुणी पाणी पाजून उड्या मारायला लावल्या तर काय होईल, याचा विचार मेसेज पुढे ढकलण्याआधी करा. आणखी एक: छातीतली नवी जळजळ, घाम, डावा हात भरून येणं याला ‘हर्नियाच आहे माझा’ म्हणून झोपू नका. आधी ईसीजी.

‘हॉस्पिटलांचा धंदा आहे’

गरज नसताना ऑपरेशन सुचवणारे नसतातच असं मी म्हणणार नाही. त्यावर उपाय आजार नाकारणं हा नव्हे, कागद मागणं हा आहे. नुसत्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टातल्या ‘छोटा हायटस हर्निया’ या ओळीवर कुणी तारीख देत असेल तर थांबा. अन्ननलिकेचा दाब मोजणारी मनोमेट्री झाली का, विचारा. अकॅलेशिया नावाच्या आजारात झडप मुळात उघडतच नाही आणि त्रास मात्र अॅसिडिटीसारखा वाटतो. अशा माणसाला गुंडाळणी घातली तर पाणीही उतरणार नाही. शंका असेल तिथे २४ तासांची आम्लतपासणी, मोठ्या हर्नियात बेरियम. या तपासण्या तालुक्याला होत नाहीत. त्यासाठी बेळगाव, हुबळी, मिरज किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, पण ती फेरी वाया जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचं कार्ड आधी काढून ठेवा. ज्या दवाखान्यात जाणार तिथे हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. संमतीपत्र बहुधा कन्नडात किंवा इंग्रजीत असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचता येत नसेल तर सही-अंगठ्याआधी मराठीत समजावून मागा. इथल्या पुष्कळ डॉक्टरांना मराठी येतं, विचारल्यावर ते सांगतात. गुंडाळणी पूर्ण की अर्धी, जाळी लावणार का, अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, हे तिन्ही प्रश्न त्याच बैठकीत विचारा. आणि डिस्चार्ज कार्डावर गुंडाळणीचा प्रकार आणि जाळी लावली की नाही हे लिहून घ्या. पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरने एंडोस्कोपी केली तर आत जे दिसतंय ते काय आहे, हे त्याला त्या एका ओळीवरून कळेल.